मागच्या सीटवरचे आबाजी

आमच्या गाडीचं इंजिन तापायचं आणि मीही तापायची. गाडी का तापते हे कळायला आम्हाला एक वर्ष लागलं, आणि हे प्रकरण त्या एका वर्षाबद्दल आहे. मी आता चौतीस वर्षांची आहे. हे काही आठवणी लिहायचं वय नाही, असं मला आमच्याच कार्यकर्त्यांनी सुनावलं. म्हणू द्या. आबाजी गेले, रज्जाकभाईंना आता नीट दिसत नाही, आणि पत्रकाच्या एका पानात बसणार नाही अशी ही एकच गोष्ट माझ्याजवळ आहे. पत्रकात दोषी कोण ते पहिल्या ओळीत सांगावं लागतं. मी शेकडो पत्रकं लिहिली, मला ती सवय आहे. इथे मात्र ती कामाची नाही, कारण त्या वर्षी मी भलत्याच माणसाकडे बोट दाखवून मोकळी झाले होते.

आम्ही चिखल्याला खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, पुढे टिनाची पडवी. खाणीत सुरुंग उडाला की फळीवरची भांडी किणकिणायची आणि आई तिकडे न बघता डाळीच्या गंजावरच्या, म्हणजे पातेल्यावरच्या, झाकणावर हात ठेवायची. माझी झोप भोंग्याने मोडत नसे, उलट एखाद्या दिवशी भोंगा वाजला नाही तर मी दचकून उठायची. बाबा खाणीत खाली पंपावर होते. जमिनीतून झिरपणारं पाणी वर उपसून टाकायचं, एवढंच त्यांचं काम, पण त्यांनी एक पाळी चुकवली तर खालची माणसं गुडघाभर पाण्यात उभी. घरी आले तरी त्यांच्या कानाच्या पाळीत काळी धूळ असायची. जेवताना ते पाण्याबद्दल असं बोलायचे, जसं दुसऱ्यांचे बाप भावकीबद्दल बोलतात. आई त्यांच्या ताटात भात वाढायची, वर लाखोळीचं वरण, आणि बाजार झाला असेल तर कांद्यावर परतलेले सुके झिंगे. वरणासाठी ती डोक्यावरून तलावाचं पाणी आणायची. दाराशी बोरिंग असताना. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा मला हेसुद्धा शोषण वाटायचं. "कायले एवढं दूर जातेस?" मी ओरडायची. ती म्हणायची, "बोरिंगच्या पाण्यात डाळ शिजत नाही, बाई. तुया भाषणानं शिजत असंल त सांग."

आबाजी, म्हणजे बाबांचे वडील, पडवीत खाटेवर असायचे. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं बाजाराच्या टोकाला असलेल्या एका ठेकेदाराच्या बंगल्यावर गाडी धुण्यात घालवली. दुधावरच्या सायीसारख्या रंगाची अँबॅसिडर. सकाळी बादली, फडका, मग दरवाजे, काच, चाकं, आणि शेवटी आतल्या गाद्या झटकायच्या. त्या गाद्यांवर ते कधी बसले नाहीत. मी विचारलं होतं, "मनाई होती का?" ते म्हणाले, "मनाई कोण करंल? बस म्हून बी कोणी म्हटलं नाई." मला या वाक्याचा जेवढा संताप आला तेवढा सरळ मनाईचा आला नसता. ठेकेदार वारला, गाडी शेडमध्ये पडून राहिली, तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या, आणि एके दिवशी बाबा ती घेऊन आले. कितीला, ते आईने कधी विचारलं नाही, मीही लिहिणार नाही. बाबांना हौस नव्हती. त्यांच्या डोक्यात एकच होतं, जयंतीच्या मिरवणुकीत ही गाडी पुढे, आणि मागच्या सीटवर त्यांचा बाप.

आमच्या वस्तीत नुसतं जयंती म्हटलं की कोणाची, हे विचारायचं नसतं. आमचं घर त्या वर्षी महिनाभर एप्रिलची वाट बघत होतं. माझ्याकडे फलक. घरात कॉलेजात गेलेली मी एकटी, त्यामुळे लिहायचं म्हटलं की सगळे माझ्याकडे बघायचे. मी तुमसरहून फ्लेक्स छापून आणला, निळ्यावर पांढरी अक्षरं: ज्यांनी गाडी धुतली, ते आज गाडीत बसले! आबाजींना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी फ्लेक्सवरून तळहात फिरवला, जसा ते गाडीच्या दारावरून फिरवायचे. मग म्हणाले, "मी बांधतो." आणि गाडीच्या पुढच्या दोन दिव्यांना सुतळीने त्यांनी स्वतःच्या हाताने तो बांधला, बैल बांधायची गाठ मारून.

मिरवणूक पायी चालणाऱ्यांच्या चालीने निघाली. बाजार पार होईपर्यंत ठीक चाललं. आणि ठेकेदाराच्या बंगल्याच्या फाटकासमोर, दुसरीकडे कुठेच नाही, बॉनेटच्या फटींतून वाफ आली. बाबांनी गाडी बंद केली. रेडिएटरचं झाकण उडालं आणि तांबडं उकळतं पाणी सगळ्या बॉनेटवर सांडलं. बंगल्यातून ठेकेदाराचा मुलगा बादलीभर पाणी घेऊन धावत आला. भला माणूस, आजही सांगते. पण गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "गाडीले आपलं घर समजलं राजा! पुढं जातच नाही!" आणि लोक हसले, आमचेही हसले. तेवढ्यात आबाजी दार उघडून उतरले, खांद्यावरचा निळा शेला काढला, आणि बॉनेटवर सांडलेलं पाणी पुसू लागले. दरवाजा, मग काच. हात आपोआप चालला होता. त्या फाटकासमोर, त्याच गाडीला. बाबा म्हणाले, "राहू द्या ना, बाबा." तेव्हा त्यांना कळलं आपण काय करतोय. ते शेला हातात तसाच धरून पायी घरी गेले. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मी पायीच बरा. आता मले बसवू नका."

मला दोषी हवा होता. दुसऱ्याच दिवशी बाबांच्या मागे मी रज्जाकभाईंच्या गॅरेजमध्ये गेले. तुमसरच्या रस्त्यावर कडुलिंबाखाली त्यांचं काम चालायचं. मिरवणुकीआधी गाडी त्यांनीच तपासली होती. मी कॉलेजच्या वाचनालयात मोटारीवरचं एक पुस्तक चाळून गेले होते. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक छोटा वॉल, म्हणजे झडप, असतो, पाणी पुरेसं गरम झालं की उघडणारा. आमच्या गाडीत तो नव्हताच. बस, मला पुरावा मिळाला.

"वॉल काढून टाकला तुम्ही," मी म्हटलं. "आमची गाडी म्हणून अर्धवट काम केलं. ठेकेदाराची असती तर असं केलं असतं का?"

रज्जाकभाईंनी पान्हा खाली ठेवला. "बेटा, ठेकेदाराचीच होती ना ती. तेव्हा बी मीच पाहत होतो. वॉल तर त्याच्या ड्रायव्हरनं काढला होता, इकडं सगळे काढतात."

बाकावर बसलेले दोन ट्रकवाले हसले. मी आणखी चढले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढं सांगते, की जात काढली, त्यांची आणि आमची, आणि कोण कोणाला कमी समजतं याचं एक छोटं भाषण दिलं. अन्यायाविरुद्ध बोलताना माणूस स्वतः अन्याय करू शकतो, हे तेव्हा मला कुठल्या पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं. रज्जाकभाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, रेडिएटर खोलून पाहा. पाण्याचा थर असंल. नवा वॉल मी टाकून देतो. अन् मिरवणुकीत समोरून हवा लागू द्या." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. मला तेव्हा वाटलं, त्यांना माझी लाज वाटली. आणि हवा! एप्रिलच्या झळांवर खापर फोडून हा मिस्त्री सुटू बघतोय, असं मी घरी येऊन आईला सांगितलं.

पुढचे कित्येक रविवार बाबांनी त्या गाडीखाली काढले. खालची तोटी उघडली की विटकरी पाणी गळायचं, नळ लावून धुतलं तरी तसंच. शेवटी त्यांनी रेडिएटर उतरवून पडवीत आणला. त्याच्या आत उभ्या बारीक नळ्या असतात. इंजिनातलं गरम पाणी त्यांतून खाली उतरतं आणि बाहेरून हवा लागून थंड होतं. बाबांनी वरून पाणी ओतलं तर ते खाली यायला एवढा वेळ लागला की ते चिडून म्हणाले, "खाणीतलं पाणी मी तीनशे फूट वर चढवतो अन् हे हातभर खाली उतरून नाही राहिलं!"

आई तांदूळ निवडत बसली होती. ती उठली, बोट घालून रेडिएटरच्या तोंडाशी खरवडलं, नखात पांढरा चुरा आला. मग आत जाऊन बोरिंगचं पाणी तापवायचा गंज घेऊन आली आणि त्याचा तळ आम्हाला दाखवला. तोच थर, तोच पांढरा. "हेच पाणी पाजता ना तिले?" ती म्हणाली. "माया गंजाले जे होते ते तुमच्या गाडीले होणार नाही, ती का साहेबीण आहे?"

मग घरात जे झालं ते मला आजही वासासकट आठवतं. आईने चिंच उकळली. गंजाचा तळ ती तशीच साफ करायची. मोठ्या पातेल्यात आंबट, तपकिरी पाणी, आबाजींच्या जुन्या धोतरातून दोनदा गाळलेलं, चोथ्याचा कण नको म्हणून. ते गरम गरम रेडिएटरमध्ये भरायचं, दोन्ही तोंडांना चिंध्यांचे बोळे, आणि रात्रभर तसंच. सकाळी उलटं करून धुवायचं, धुण्याच्या सोड्याचं पाणी फिरवायचं, पुन्हा साधं पाणी. पहिल्यांदा चिखल निघाला, मग पापुद्रे, पाचव्या-सहाव्या खेपेला पाणी सरळ खाली धो धो. बाबा लहान पोरासारखे हसले. रज्जाकभाईंनी नवा वॉल पाठवला होता, तो बसला. पट्टा ताणला. आणि आत बोरिंगचं नाही, तलावाचं गाळलेलं पाणी भरलं. बाबा आंबागडपर्यंत जाऊन आले, किल्ल्याखालचा चढ चढून आले. इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. आईने त्या संध्याकाळी वरण लावताना म्हटलं, "आता घरात डाळ अन् गाडी, दोघी जणी तलावाचं पाणी पितात."

आबाजींना मनवायला मात्र सगळं घर कमी पडलं. बाबांनी सांगून पाहिलं, मी भाषण केलं. ते छताकडे बघत पडून राहायचे. शेवटी आई त्यांच्या खाटेजवळ चहा ठेवून म्हणाली, "बाबा, मी बी नाही बसली कधी तिच्यात. एकटीले भेव वाटते." त्यांनी चहा बशीत ओतून संपवला. मग म्हणाले, "उतरावं लागलं त?" आई म्हणाली, "नाही लागणार." एवढ्यावर ते तयार झाले. म्हणजे दुसऱ्या वर्षी काय पणाला लागलं होतं ते लक्षात घ्या. गाडी चालते की नाही हा प्रश्न नव्हता. एका माणसाला त्या फाटकासमोर पुन्हा उतरावं लागतं की नाही, हा होता.

आणि मी? मी नवा फलक छापला. मजकूर तोच, अक्षरं मोठी. हा एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत जाऊन वर दोन्हीकडे हात हात उरत होता, आणि खाली पार बंपरपर्यंत. आबाजींनी पुन्हा स्वतः बांधला. बाबा बाजूला उभे राहून बघत होते. एकदा तोंड उघडलं त्यांनी, मला आठवतं, पण मग टायरची हवा बघायला खाली वाकले.

मिरवणूक निघाली. आबाजी पांढऱ्या सदऱ्यात, शेजारी आई, पुढे बाबा. मी गाडीच्या पुढे, हातात घोषणांचा भोंगा, पाठ गाडीकडे. रज्जाकभाई पाण्याचा डबा घेऊन मागच्या चाकाजवळून चालत होते. कोणी बोलावलं नव्हतं त्यांना. मी त्यांना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. बाजार निम्मा झाला असेल, बाबांनी हॉर्न दोनदा दाबला. मी वळून खिडकीशी गेले. काटा लाल रेघेपाशी होता. गरम लोखंडाचा वास. पुढे शंभर पावलांवर बंगल्याचं फाटक दिसत होतं, आणि आबाजींचा हात दाराच्या कडीवर गेला होता.

रज्जाकभाई म्हणाले, "बंद नको करू भाऊ, चालू ठेव." मग माझ्याकडे वळले. "पोरी, फलक सोड."

"काय?"

"फलक. समोरची जाळी पूरी बंद आहे. गाडी तिथून श्वास घेते, बेटा."

"त्यावर काय लिहिलंय माहीत आहे तुम्हाला?" माझा आवाज भोंग्यातून गेला, बँड थांबला.

"वाचलं. चांगलं लिवलं. पण इंजिनले नाही वाचता येत."

मी बाबांकडे पाहिलं. ते स्टिअरिंगकडे बघत होते. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"रेडिएटर अंदरून साफ झाला त फलक न काढता भागून जाईल, असं वाटलं होतं," ते म्हणाले.

म्हणजे ते रविवार, ती चिंच, ते धोतर. माझी अक्षरं जागची हलवावी लागू नयेत म्हणून त्या माणसाने अख्खा रेडिएटर धुऊन काढला होता. आणि मागच्या खिडकीतून आबाजी हळूच म्हणाले, "मले त पहिल्याच वर्सी मालूम होतं. मी एकदा ओला फडका त्या जाळीवर वाळू घातला त डायवर मायावर किती खेकसला होता. म्हणे, गाडीचा जीव घेतं का?"

"मंग सांगितलं काहून नाही?" मी माझ्या घरच्या बोलीत आले होते.

"तू लिवलं होतं ना वो, माय. आपल्या घरचं लिवलेलं कधी कोणाच्या गाडीले बांधलं होतं? मी कसा म्हणू, सोड म्हून?"

मी पुष्कळ सभा पाहिल्या, पुष्कळ ऐकून घेतलं. त्या वाक्याएवढं काही मला लागलेलं नाही. शिकलेल्या पोरीला तिची चूक सांगायची नाही, कारण घरात पहिल्यांदाच कोणी शिकलंय. असं प्रेम आमच्या वस्तीत घरोघरी आहे, आणि आज मी गावोगाव जाऊन शिकलेल्या पोरापोरींना सांगते, घरच्यांना विचारा, ते तुम्हाला काय सांगत नाहीत.

मी पुढे जाऊन गाठ सोडू लागले. सुटेना. आबाजींची गाठ होती. ते म्हणाले, "थांब, मी येतो," आणि दार अर्धं उघडलं.

"बसा!" मी किंचाळले. "तुम्ही उतरायचं नाही."

मी खाली बसले आणि सुतळी दातांनी तोडली. एक दिवा, मग दुसरा. फलक गळून पडला. बाबांनी जागेवरच ॲक्सिलेटर हलका दाबून ठेवला. रज्जाकभाईंनी हाताचा पंजा जाळीसमोर धरला आणि म्हणाले, "ओढून राहिली." सगळी मिरवणूक एका काट्यासाठी उभी होती. आई आतून मोठ्याने सांगत होती, जशी डाळ शिजल्याचं सांगते: "हलला. उतरून राहिला. उतरला!"

फलक माझ्या हातात होता. त्याचं काय करावं मला सुचेना. आबाजी म्हणाले, "मागं धर ना. मागं कोणाचा जीव अडकते?" मी गाडीच्या मागे गेले. दुसरं टोक धरायला मी बघत होते तोवर रज्जाकभाईंनी पाण्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवून ते उचललं. गाडी हलली. आम्ही दोघं फलक ताणून मागे चालू लागलो. मी म्हटलं, "रज्जाकभाई, मागच्या वर्षी मी जे बोलले, ते चुकलं माझं. माफ करा."

"टोक वर धर," ते म्हणाले. "झोळ पडून राहिला, लोकाईले वाचता येत नाही."

फाटक आलं. ठेकेदाराचा मुलगा बाहेर उभा होता, त्याने हात जोडले. मी मागच्या काचेतून आत पाहिलं. आबाजी समोर बघतच नव्हते. ते सीटवर गुडघे टेकून उलटे बसले होते, पाठीच्या गादीवर हनुवटी, आणि काचेतून आमचा फलक बघत होते. एकेका अक्षरावर बोट फिरवत, जणू प्रत्येकाची ओळख करून घेत. आई त्यांना शेल्याला धरून सावरत होती.

मिरवणूक संपायची त्या विहारापाशी गाडी थांबली. बाबांनी उतरून दार उघडलं. आबाजी वळले, कपाळावरचा घाम पुसला, आणि रस्त्याकडे मान उंच करून विचारलं,

"बंगला कवा येते?"